शीर बघणारी डॉक्टरीण

आमच्या बेटावरच्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टरला कुणी कधी डुक्कर आणून दिलं नव्हतं. ऑपरेशन नीट पार पडलं की डुक्कर सर्जनच्या घरी जायचं, कोनफळांची टोपली नर्सबाईंकडे जायची आणि उरलेले आभार चर्चमध्ये देवाला पोचायचे. काही बिघडलं, की मात्र साऱ्या नातेवाइकांना एकदम आठवायचं, की पाठीत ते इंजेक्शन कुणी दिलं होतं बरं?

ते द्यायची लेसिएली वाइपुना. हापाईच्या द्वीपसमूहातल्या एका चपट्या बेटावर कोळ्याच्या घरात जन्मलेली, अंगाने भरदार, बोलायला सावकाश आणि विसरायला त्याहून सावकाश. फिजीत जाऊन डॉक्टर झाली, मग भुलीचं शिक्षण घेऊन परत आली. माणसांना झोपवायचा हिला पगार मिळतो, हे कळल्यावर थोरल्या भावाने भरल्या पंगतीत विचारलं होतं, की यासाठी एवढी वर्षं समुद्रापार कशाला घालवलीस? आपले पाद्री हे काम दर रविवारी फुकट करतात.

इस्पितळात कामाला तोटा नव्हता. आमच्याकडे साखर आधी चहात येते, मग रक्तात, आणि शेवटी पायाच्या अंगठ्यात. अंगठा काळा पडला की आम्ही त्याला पाला बांधतो, प्रार्थना करतो, न्यूझीलंडच्या भाच्याला फोन करतो, आणि वास घराबाहेर जायला लागला की डॉक्टरकडे जातो. मग सर्जन डॉ. फोटू अंगठा कापायचे. कधी अंगठा, कधी पाऊल. त्यासाठी लेसिएली कण्यात सुई घालून कमरेखालचं शरीर बधिर करायची. माणूस जागा राहायचा, पाय मात्र परक्याचा व्हायचा.

या इंजेक्शनची एक खोड असते. कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत उतरून बसतं आणि वरचा दाब घसरतो. कुणाचा थोडा, कुणाचा धाडकन. घसरला की सलाईन सोडायचं, औषध टोचायचं, पाय उंच करायचे. कुणाचा घसरेल हे आधी कळत नसे. डॉ. फोटूंचं म्हणणं, कळायची गरजच काय? पडला की उचलायचा. ते रग्बी खेळलेले होते आणि आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांवर त्यांचं उत्तर हेच होतं.

लेसिएलीचंही फार वेगळं म्हणणं नव्हतं, फिपे मावशीच्या ऑपरेशनपर्यंत. ही तिच्या आईची धाकटी बहीण. शाळेसाठी लेसिएली या बेटावर आली ती मावशीकडेच राहिली होती. मावशी चटया विणायची. लग्नाला, मयताला कमरेला गुंडाळायच्या त्या बारीक विणीच्या चटया, आणि तिच्या हातची चटई मिळाली की बायका शेजारणीला मुद्दाम दाखवायला जायच्या. मावशीच्या पावलाला जखम झाली, ती चिघळली, आणि ऑपरेशन ठरलं. आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, असा इस्पितळाचा नियम. सकाळची पाळी होती, पण आधीचं ऑपरेशन लांबलं, मग वीज गेली, मग डॉ. फोटूंचं जेवण झालं. मावशी आपली ओठ चाटत पडून होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मी बरी आहे म्हणत होती.

सुई दिल्यावर थोड्याच वेळात मावशी म्हणाली, "लेसी, मी खाली खाली चाललेय गं." आणि डोळे फिरवले. दाब इतका खाली गेला की यंत्राला सापडेना. लेसिएलीने जे जे करायचं ते सगळं केलं, आणि मावशी परत आली. पण सगळी आली नाही. उजव्या हाताच्या बोटांतला जीव कुठेतरी वाटेतच राहिला. डॉ. फोटू पाठीवर थाप मारून म्हणाले, की पाय वाचला ना, मग झालं तर. खरंच होतं ते. मावशी पायाने विणत नव्हती, एवढीच काय ती अडचण.

मावशीने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट तीच समजूत घालायची. लेसिएलीला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

पुढच्या वर्षी तिला ब्रिस्बेनला एका अभ्यासवर्गाला पाठवलं. खरं तर इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाविली स्वतःच जाणार होते, पण त्याच आठवड्यात त्यांच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. तिथे तिला एक गोष्ट दिसली आणि ती तिच्या डोक्यात जी बसली ती बसली. पोटातलं मूल बघायचं सोनोग्राफीचं यंत्र असतं, तेच छातीच्या हाडाखाली, यकृताच्या मागे रोखायचं. तिथे शरीरभरचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर दिसते. अंगात पाणी भरपूर असेल तर ती भरलेली, गुबगुबीत. माणूस सुकलेला असेल तर दर श्वासाला तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. अशा माणसाचा दाब सुईनंतर पडायची शक्यता जास्त. शिकवणाऱ्या बाईंनी 'शक्यता' हा शब्द दोनदा उच्चारला होता. लेसिएलीने तो लिहूनही घेतला, पण परतीच्या विमानात तो कुठेतरी सांडला असावा, कारण उतरली ती थेट भविष्य सांगायच्या तयारीने.

बाळंतिणींच्या वॉर्डात एक जुनं यंत्र होतं. ते मागायला गेली तर तिथल्या बायका अंगावर आल्या. मग अर्ज झाले, आठवणी झाल्या, आणि अखेर परदेशातल्या एका दानशूर मंडळाने नवं कोरं यंत्र द्यायचं कबूल केलं. इस्पितळाला यंत्राची गरज आहे हे डॉ. हाविलींना त्या दिवशी प्रथमच जाणवलं आणि त्यांनी लगेच समारंभ ठरवला.

समारंभाचा दिवस ऑपरेशनांचाच निघाला. समारंभ हलवता येईना, कारण बेटाच्या सरदारसाहेबांना आमंत्रण गेलं होतं. ऑपरेशनं हलवता येईनात, कारण अंगठे सडत होते. तेव्हा दोन्ही करायचं ठरलं. पहिला पेशंट होते आमचे पाद्री मोसेसे, डाव्या पायाच्या दोन बोटांसाठी. ते आलेच आहेत तर यंत्राला आशीर्वादही त्यांनीच द्यावा, ही कल्पना डॉ. हाविलींची. एका खर्चात दोन पाहुणचार.

अंगणात मांडव घातला. यंत्रावर विणलेली चटई पांघरली. पाद्रीबाबा इस्पितळाच्या कपड्यांवर कमरेला चटई गुंडाळून, चाकाच्या खुर्चीत बसून आले. आदल्या रात्रीपासून उपाशी आणि तहानलेले, वर नोव्हेंबरचं, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याचं, ऊन. दुसरा कुणी असता तर चार ओळींत आटोपतं घेतलं असतं. पण मोसेसेंपुढे ध्वनिक्षेपक आला की त्यांना स्वतःलाही थांबवता येत नसे. त्यांनी यंत्रासाठी प्रार्थना केली, देणाऱ्यांसाठी केली, सरदारांच्या पूर्वजांसाठी एकेकाचं नाव घेऊन केली. घाम हनुवटीवरून टपकत होता. मग सरदारांच्या वतीने त्यांचा वक्ता बोलला. मग देणाऱ्यांतले एक गृहस्थ बोलले, आणि त्यांचं भाषांतर मूळ भाषणाहून लांबलं. वॉर्डातले बाकीचे पेशंट खिडकीतून बघत तहानेने वाळत होते. मागच्या अंगणात जमिनीखालच्या भट्टीत डुकरं शिजत होती, तो वास त्यांना फुकट होता.

अशा रीतीने माणसं किती सुकली आहेत हे दाखवणारं यंत्र इस्पितळात आलं, आणि दाखवण्यासारखं काही असावं याची व्यवस्था इस्पितळाने आधीच करून ठेवली.

पाद्रीबाबांना टेबलावर घेतलं तेव्हा जेवणाची पानं मांडली जात होती. लेसिएलीने यंत्र लावलं. पडद्यावर ती शीर दिसली, आणि बाबांनी श्वास घेतला तशी मिटून गेली. सोडला तेव्हा जेमतेम उघडली. पुन्हा मिटली. तिने सिस्टर इलाइसानेला सलाईनची बाटली लावायला सांगितलं, आणि म्हणाली की ती आत गेल्याशिवाय सुई द्यायची नाही.

डॉ. फोटू हात धुऊन उभे होते. "किती वेळ लागेल?"

"अर्धा-पाऊण तास. साखर आहे, किडन्या नाजूक आहेत, धो धो सोडता येणार नाही."

"लेसिएली, बाहेर सरदार जेवायचे थांबलेत. मी गेल्याशिवाय बसणार नाहीत."

"मग त्यांनाही पाणी द्या म्हणावं."

"तुला त्या टीव्हीत काय सावली दिसते, त्यावर मी माणसं ताटकळत ठेवू? आजवर आपण हे असंच केलंय ना?"

"हो," ती म्हणाली. "फिपे मावशीलाही असंच केलं होतं."

डॉ. फोटू हातमोजे काढून खोलीच्या दाराबाहेर जाऊन बसले, आणि कुणीतरी त्यांना हळूच तिथेच भाजलेल्या डुकराची कातडी आणून दिली. ती कुरकुरीत असते, तिचा आवाज आतपर्यंत आला.

सलाईन गेलं. लेसिएलीने पुन्हा पाहिलं. शीर आता भरली होती, श्वासाबरोबर नुसती हलत होती. तिने सुई दिली आणि दाबाच्या आकड्यावर नजर लावून बसली. आकडा थोडा उतरला, थांबला, आणि तिथेच राहिला. पाद्रीबाबांनी एक स्तोत्र गुणगुणायला घेतलं. बोटं निघाली. काहीच झालं नाही.

हेच तर तिला हवं होतं. पण काहीच न होण्याचा एक तोटा असतो. ते कुणाला दिसत नाही. सरदार गार झालेलं जेवले, डॉ. हाविलींना दोन शब्द ऐकावे लागले, आणि सगळ्यांनी मिळून हिशेब मांडला, की बाईने दाब पडेल म्हणून थांबवलं आणि दाब तर पडला नाही. म्हणजे बाई चुकली. सिस्टर इलाइसानेने सांगून पाहिलं, की थांबवलं म्हणून पडला नाही. तिला विचारण्यात आलं, की हे तू कशावरून म्हणतेस? त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लेसिएलीकडेही नव्हतं.

बरे झाल्यावर मोसेसेंनी चर्चमध्ये यावर अख्खं प्रवचन दिलं. काही लोक माणसाच्या आत काचेतून बघतात आणि घाबरतात, पण ज्याचा भरवसा वर आहे त्याचा दाब खाली जात नाही. लेसिएली गायकांच्या रांगेत उभी होती. तिने पुढचं गाणं म्हटलं, जरा मोठ्यानेच.

तिनेही मग हट्टाला पेटून चुका केल्या. ज्याला त्याला यंत्र लावू लागली आणि आधीच सांगू लागली, याचा पडेल, हिचा नाही. पुष्कळदा खरं ठरायचं. पण काहींची पोटं अशी, की पडद्यावर पावसाळी समुद्राखेरीज काही दिसेना, आणि आमच्याकडे तशी पोटं म्हणजे खानदानीपणाचं लक्षण. एकदा बाजारात टरबुजं विकणारी एक बाई आली. तिची शीर बघून लेसिएलीने सांगितलं, की हिचा नक्की घसरणार. या खेपेला सलाईनला वेळ नव्हता, पायात विष पसरत होतं. सुई दिली. बाईचा दाब खडकासारखा जागच्या जागी. वर ती टेबलावरून विचारते, की झालं का, माझी टरबुजं उन्हात आहेत. डॉ. फोटू इतके हसले, की त्यांना चाकू खाली ठेवावा लागला. त्या दिवसापासून कावा, म्हणजे मुळांचं गुंगीचं पेय, प्यायला बसलेले पुरुषसुद्धा रस्त्यात तिला थांबवून विचारू लागले, की डॉक्टरीणबाई, जरा शीर बघून सांगा, उद्या मासे लागतील का?

शेवटी डॉ. हाविलींनी तोडगा काढला. यंत्र महाग, वापरून खराब होईल, म्हणून ते त्यांच्या ऑफिसातल्या कपाटात कुलूपबंद झालं. देणाऱ्यांकडून कुणी तपासायला आलं, की बाहेर काढून पुसायचं. लेसिएली पुन्हा पूर्वीसारखी पेशंटची जीभ बघे, हातावरची कातडी चिमटीत धरे, आणि प्रत्येकाच्या वेळी दाब वाढवणारं औषध आधीच सुईत भरून उशाशी ठेवी.

मग डॉ. फोटूंना हर्निया झाला. तसा तो बऱ्याच दिवसांचा होता. दुसऱ्यांना ते पाला बांधून थांबल्याबद्दल झापायचे, स्वतः पट्टा बांधून थांबले होते. एका सकाळी भाषण देता देता वाकले ते सरळ होईनात. राजधानी नुकुआलोफाहून डॉ. सितानी नावाचा तरुण सर्जन आला. भूल अर्थातच लेसिएलीची.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती त्यांना तपासायला गेली. आजवर या माणसाने हजार लोकांना या टेबलावर चढवलं होतं, पण वॉर्ड त्यांना बहुधा प्रथमच खाटेवरून दिसत होता. बायको खोलीबाहेर जाईपर्यंत ते हवापाण्यावर बोलत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ते तुझं यंत्र कुठाय?"

"तुमच्या मित्राच्या कपाटात."

"माझी शीर बघणार नाहीस?"

"सावली दिसते त्यात नुसती," लेसिएली म्हणाली. "टीव्हीतली."

डॉ. फोटूंनी उशाचा फोन उचलला. डॉ. हाविली घरी जेवत होते. बोलणं फार झालं नाही, पण ते स्वतः किल्ली घेऊन आले. कपाट उघडलं, तर यंत्रावर त्यांच्या बायकोने वाळवून ठेवलेले शिंपले निघाले.

सकाळी लेसिएलीने यंत्र लावलं. डॉ. फोटू मान वळवून पडदा बघत होते, आणि डॉ. सितानी त्यांच्या खांद्यावरून. शीर टम्म होती, श्वासाचा तिला पत्ताही नव्हता. लेसिएलीला शंका आली आणि तिने विचारलं, तेव्हा कळलं की साहेब नियमाप्रमाणे उपाशी होते, पण पहाटेपर्यंत शहाळी पीत होते. पेशंटसाठी केलेला नियम डॉक्टरला लागतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमचा दाब पडणार नाही," तिने सांगून टाकलं.

त्यांना बसतं केलं, पाठ वाकवली, सुई दिली, आडवं केलं. डॉ. फोटूंनी वर दिव्याकडे पाहिलं, तो आजवर त्यांच्या पाठीमागून दुसऱ्यांवर पडायचा. मग बाजूला मांडलेली हत्यारं पाहिली. चेहरा चुन्यासारखा झाला, कपाळाला घाम फुटला, नाडी मंद मंद होत गेली आणि दाब असा कोसळला, की डॉ. सितानी मागे सरकला. लेसिएलीचा हात तोवर उशाशी पोचला होता. औषध गेलं, मागोमाग नाडीसाठी दुसरं गेलं, सिस्टर इलाइसानेने पाय उचलून धरले. जरा वेळाने डॉ. फोटूंनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, की पडला का? पडला, ती म्हणाली. शीर भरलेली असून? भरलेली असून. यंत्राला पाणी दिसतं डॉक्टर, भीती दिसत नाही.

ती दिवसभर स्वतःवर चिडलेली होती. सांगितलेलं इतकं चोख उलटं निघावं, तेही या माणसापुढे. आता जन्मभर ऐकावं लागणार, असं धरून ती घरी गेली.

झालं भलतंच. टाके निघायच्या आत डॉ. फोटूंनी बेटभर केलं, की लेसिएली नसती तर मी गेलो होतो. कावा प्यायला बसले की ते ही गोष्ट सांगत, आणि दर वेळी त्यात ते मरणाच्या जरा आणखी जवळ जात. यंत्र कपाटातून बाहेर आलं ते ऑपरेशनच्या खोलीतच राहिलं. पाद्री मोसेसेंनी प्रवचनात तिला देवाच्या हातातलं साधन म्हटलं. आणि एका शनिवारी तिच्या दारात डॉ. फोटूंकडून भलंमोठं डुक्कर आलं, चारी पाय बांधलेलं, गळ्यात फुलांची माळ. पाद्रीबाबांच्या वेळी तिचं बरोबर होतं तेव्हा ती चुकली ठरली होती. आता ती साफ चुकली होती तर डुक्कर. लेसिएलीने हा न्याय बराच वेळ उंबऱ्यात उभं राहून न्याहाळला, आणि मग भावाला फोन करून भट्टी खणायला बोलावलं.

पण त्या दिवसांतच, लोक ऐकायच्या मनःस्थितीत आहेत तोवर, तिने एक काम उरकून घेतलं. डॉ. फोटू पथ्याचं जेवण जेवत होते तिथे जाऊन तिने विचारलं, की शहाळी पिऊन तुम्हाला काही त्रास झाला का? नाही म्हणाले. मग बाकीच्यांना का होईल? नुसतं पाणी पोटात थांबत नाही, ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत सगळीकडे देतात, आपणच आदल्या रात्रीपासून माणसं वाळवतो. हे ती फार दिवस सांगत होती. फोटूंनी ते या वेळी ऐकलं, आणि पुढच्या बैठकीत स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखं मांडलं. डॉ. हाविलींनी या दूरदृष्टीबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. लेसिएलीनेही टाळ्या वाजवल्या. तिला नियम हवा होता, टाळ्या कुणाला का मिळेनात.

आता ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात किटली फिरते. लेसिएली अजून प्रत्येकाची शीर बघते. चिकटणाऱ्या शिरा आता कमी दिसतात, तरी औषध उशाशी असतंच, आणि काय होईल हे ती आता कुणाला सांगत नाही. विचारलंच तर म्हणते, शक्यता आहे. समुद्रापार अभ्यासवर्ग, परदेशी यंत्र, सरदारांची भाषणं, एवढं सगळं होऊन आमचं इस्पितळ या शोधाला पोचलं, की तहानलेल्याला पाणी द्यावं.

नव्या नियमावर तक्रार एकट्या सिस्टर इलाइसानेची आहे. ती म्हणते, शीर बघायला यंत्र आलं, आता लघवीची भांडी उचलायलाही एखादं मागवा.